सोनाकाकूंच्या म्हशीला लागलेलं थँक्यू

मला वाटलं होतं, गावात माझ्याविरुद्ध सभा भरेल.

हसू नका, खरंच सांगते. पुण्याहून परतताना, नगरपर्यंत आगगाडीत आणि पुढे बैलगाडीच्या हिसक्यांत, मी दुसरी कसली तयारीच केली नव्हती. 'पोरींनी शिकून काय दिवे लावायचे?' असं कुणी विचारलं तर काय सांगायचं, 'धर्म बुडाला' म्हणून कुणी ओरडलं तर कसं शांतपणे हसायचं, सगळं पाठ होतं. दगड आला तर कपाळावरचं रक्त न पुसता बोलत राहायचं, हेही ठरलेलं. कपाळाची बाजूसुद्धा ठरवली होती. उजवी.

आणि झालं काय? दगड राहिला बाजूला, कुणी माझ्यावर खडासुद्धा उचलला नाही. गावानं उचलली ती भांडी!

पहिल्या दिवशी शेजारून ताकाचा तांब्या आला. दुसऱ्या दिवशी कुणाकडून हुलगे, कुणाकडून गुळाचा खडा, कुणाकडून नुसतीच लिंबं. 'पोरगी वाळून आली पुण्याहून' एवढंच सगळ्यांचं म्हणणं. माझ्या पाठ केलेल्या भाषणाचं एक वाक्यही कुणी विचारलं नाही. लढाईला निघालेल्या शिपायाला वेशीवर उभं करून दही-भात भरवावा, तशी माझी गत!

आता ज्या गोष्टीची आठवण झाली की अजूनही माझे कान गरम होतात, ती गोष्ट या भांड्यांचीच. आणि एका इंग्रजी शब्दाची. दोन्हींची गाठ मी घातली. दुसऱ्या कुणाला ते सुचलंही नसतं, एवढं शिक्षण गावात कुणाचं नव्हतं!

तो शब्द म्हणजे थँक्यू.

आमच्या वसतिगृहाच्या मोठ्या बाईंचं सगळं राज्य या एका शब्दावर चालायचं. पानात आमटी पडली की थँक्यू. आमटी नको असली की पानावर हात आडवा धरून, तरीही थँक्यू. प्रार्थनेत कुणाचा सूर चिरकला की मधेच थांबवून, 'थँक्यू!' म्हणजे बस खाली. उशिरा आलेल्या मुलीला, 'थँक्यू, आलात म्हणून.' म्हणजे आज जेवण नाही. आणि त्यांच्या खोलीत आपण फार वेळ बोलत राहिलो, की चष्मा काढून दाराकडे बघत एक लांबलचक 'थँऽऽक्यू.' म्हणजे काय ते आपण चौकटीबाहेर गेल्यावर कळायचं. एकच शब्द, पण बाई तो वाढायच्या डावासारखाही वापरायच्या आणि छडीसारखाही.

मला त्या शब्दानं पार वेडं केलं होतं. अंगावर जाडंभरडं खादीचं लुगडं, विलायती कापड होळीत घालायला मी सगळ्यांच्या पुढे. पण तो विलायती शब्द मात्र मी पेटीत अत्तराची कुपी जपावी तसा जपून गावी आणला!

आणि गावात बघते तर आभार मानणं हा प्रकारच नाही. ताक आलं, घेतलं. लिंबं आली, घेतली. 'बरं झालं आणलंस' नाही, काही नाही. आई नुसती म्हणायची, 'ठेव तिथं.' आणि भांडं परत देताना त्यात काहीतरी टाकायची. मूठभर डाळ, दोन कांदे, काही नसलं तर मिठाचा खडा. पण टाकायचीच.

मला ते फार बोचलं. म्हटलं, हा काय बाजार आहे? तिनं ताक दिलं म्हणून आपण डाळ द्यायची? मायेचीसुद्धा अदलाबदल? शिवाय धनगरवाड्यातल्या रखमामावशीसारखी बाई, चार शेळ्यांवर पोट, ती लोटाभर दूध देणार, आणि परत आलेल्या कांद्याकडे डोळे लावून बसणार? छे! माणसाला माणसाकडून मिळावा तो शुद्ध, निर्मळ, मनापासून उमटलेला शब्द!

आईला हे सगळं समजावून सांगितलं. ती चूल फुंकत होती. धुरातून म्हणाली, "सरक जरा, कढई उतरायचीय."

बरं, हे सगळं मी करत होते कशासाठी? तर शाळेसाठी. राज्य निजामाचं, शिक्षण उर्दूतलं, शाळा असलीच तर तालुक्याला आणि तीही मुलग्यांची. आमच्या खेड्यात मुलींसाठी मराठी वर्ग काढायचा, हे माझं एकमेव स्वप्न. आणि ते स्वप्न सोनाकाकूंच्या हातात होतं. काकू म्हणजे पाटलीणबाई. आमच्या घरापासून चार घरं सोडून त्यांचा वाडा. वाड्याच्या दारातली ढाळज, म्हणजे आल्यागेल्यानं टेकायची ती ऐसपैस ओसरी, त्यांनी मला वर्गासाठी द्यायची कबूल केली होती. वर आपली धाकटी, केशर, पहिली विद्यार्थिनी म्हणून.

"पाटलाची पोरगी बसली म्हंजी गावाच्या पोरी बसत्याल," काकू म्हणाल्या होत्या. "न्हाई बसली तर कुनीबी न्हाई. सोमवारी सुरू कर."

म्हणजे बघा, सगळं काकूंवर होतं. आणि नेमकी त्या सोमवारच्या आदल्या आठवड्यात आई गेली नांदूरघाटला, मामीच्या बाळंतपणाला. माझे वडील, आप्पा, बीडच्या कचेरीत, महिन्यातून एकदा घरी येणारे. घर माझ्या एकटीच्या हातात!

गाडीत बसताना आई म्हणाली, "शेजारून काही आलं तर भांडी नीट परत कर गं, कमळे."

"नीटच करीन," मी म्हटलं. आणि मनात म्हटलं, आता बघच, सुधारणा म्हणजे काय असते ते!

पहिली सुधारणा झाली रखमामावशीवर. तिचा लोटा मी राखेनं घासला, पुसला, आणि दोन्ही हातांत धरून तिला दिला. "थँक्यू, मावशी."

"आँ?"

"थँक्यू. म्हणजे, मी तुमची मनापासून ऋणी आहे."

मावशीनं लोट्यात बघितलं. मग लोटा उपडा केला. मग माझ्याकडे बघितलं आणि आवाज अगदी खाली आणून विचारलं, "समदं बरं हाय नव्हं घरी?"

"सगळं मजेत!"

"आय बरी हाय?"

"ठणठणीत!"

"आन् आप्पा?"

"तेही!"

मावशी आणखी थोडा वेळ उभी राहिली. मग लोटा काखेत मारून गेली. मला भरून आलं. म्हटलं, बघा, कांदा नाही, डाळ नाही, नुसता एक शब्द दिला तर ही बाई माझ्या घरादाराची खुशाली विचारते! आजवर हिला कुणी थँक्यू म्हटलंच नसेल.

(म्हटलं नव्हतंच. ते एक मात्र खरं.)

मग दोन-तीन घरांची भांडी तशीच गेली. प्रत्येक बाई आत बघायची, माझ्याकडे बघायची आणि तेच विचारायची, 'घरी समदं बरं हाय ना?' मी प्रत्येकीला ठासून सांगायची, 'उत्तम! सगळे सुखरूप!' आणि प्रत्येकीचं तोंड का कोण जाणे उतरायचं. मी त्याला संकोच समजले. शब्दाची सवय नाही ना!

आणि मग शनिवारी केशर आली, हातात पितळेची मोठी चरवी घेऊन. चरवीवर पळसाचं पान झाकलेलं. पान उचललं तर आत घट्ट पिवळसर चीक! सोनाकाकूंची म्हैस, चंद्रा, पहिल्यांदाच व्याली होती. दोन वर्षं काकूंनी तिला लेकीसारखी जपली होती, आणि तिच्या पहिल्या दुधातला वाटा आमच्याकडे आला होता.

"ताई," केशर दारातूनच म्हणाली, "आयनं सांगितलंय, की चरवी..."

"थांब, केशर!" मी म्हटलं. "कुणी काही दिलं-घेतलं की आधी काय म्हणायचं असतं?"

"ठाव न्हाई. पर आय म्हनली, चरवी..."

"थँक्यू! म्हण बघू. थँक..."

"थ्यांक. ताई, चरवी हाय ना, ती..."

"क्यू!"

"क्यू. पर चरवी..."

"एकत्र म्हण, केशर. जीभ दातांना लावून. थँक्यू!"

"थँक्यू," केशर म्हणाली आणि तोंड मिटून घेतलं. मी तिच्या पाठीवर थाप मारली. काय चुणचुणीत पोरगी! वर्ग सुरू व्हायच्या आधीच पहिला धडा झाला! ती जाताना दोनदा मागं वळून बघत होती. मला वाटलं, विद्येची ओढ.

खरवस मी केला, खाल्ला. आणि मग ती चरवी घेऊन बसले. चिंच लावली, राख लावली, नारळाच्या शेंडीनं घासघास घासली. बोटं सोलवटली. गरम पाण्यानं आतून-बाहेरून धुऊन पुसली तेव्हा तिच्यात माझं तोंड दिसायला लागलं. फार समाधानी तोंड होतं ते. नीट बघून घ्यायला हवं होतं मी त्याला. तसं ते पुन्हा दिसलं नाही.

चरवी घेऊन मी स्वतः वाड्यावर गेले. काकू जात्यापाशी होत्या. चरवी हातात घेतली, आत बघितलं, आणि त्यांचा हातच थांबला.

"पानी लावलंस?"

"पाणीच काय काकू, चिंच, राख, गरम पाणी! डाग राहू दिला नाही दुधाचा!"

"आन्... आत?"

"आत थँक्यू आहे, काकू!" मी म्हटलं. त्या पुन्हा चरवीत बघायला लागल्या, म्हणून मीच बोलत राहिले. "आता आपल्यात ही डाळ-गुळाची परतफेड नको. तुम्ही दिलंत, मी घेतलं, शब्द दिला, संपलं!"

"संपलं?"

"संपलं!"

काकूंनी चरवी खाली ठेवली. अगदी हळू. "घरी समदं बरं हाय ना गं, कमळे?"

"सगळं उत्तम!"

"मंग ठीक हाय," काकू म्हणाल्या आणि जात्याचा खुंटा धरला.

ठीक आहे म्हणाल्या! तुम्हीच सांगा, माणसानं याच्यावर काय समजायचं?

दुसऱ्या दिवशी पहाटे चंद्रानं धार काढणाऱ्याला लाथ मारली आणि पान्हा चोरला. थेंब देईना. हे मला अर्थात ठाऊक नव्हतं. सोमवारी सकाळी मी खादीचं धुतलेलं लुगडं नेसून, पुण्याहून आणलेल्या नव्या कोऱ्या पाट्या छातीशी धरून वाड्यावर गेले, तर ढाळजेत कडबा! जमिनीपासून तुळईपर्यंत, पेंढीवर पेंढी.

"काकू, आज सोमवार!"

"हाय की," काकू आतूनच म्हणाल्या. "कडब्याला जागा न्हवती."

"आणि केशर?"

"केशरला काम हाय."

"मग मंगळवारी?"

"मंगळवारी बी हाय."

"पण काकू, कावून असं?" घाईत माझ्या तोंडून गावचाच शब्द निघाला. पुण्याच्या मराठीनं पहिल्याच सोमवारी साथ सोडली!

उंबऱ्यातून केशर दिसली. तिनं माझ्याकडे बघितलं, मग गोठ्याकडे, मग पुन्हा माझ्याकडे. आणि पळाली.

त्या दिवसापासून आमच्या घरी भांडं येईना. ताक नाही, लिंबू नाही. रखमामावशीच्या शेळ्यासुद्धा आमच्या दारावरून न जाता मागच्या बोळानं जायला लागल्या. मी कोरडी भाकरी मिठाशी खाल्ली आणि स्वतःची समजूत घातली, आला! विरोध आला! उशिरा का होईना, समाजसुधारकाच्या वाट्याला यायचा तो विरोध आला. कपाळावरून हातही फिरवला मी. उजव्या बाजूनं.

पण एक आशा होती. आणि ती आशा म्हणजे या सगळ्यातली सर्वांत लाजिरवाणी गोष्ट.

शाळा बंद पडली तरी माझा शब्द गावात पसरत होता!

पाण्याला गेले तर एक बाई दुसरीला म्हणते, "बुधली थँक्यू हाय बाई, जरा तेल दे." मी घागर भरताना थबकले. अहाहा, काय विनंती करण्याची रीत!

पारावरून जाताना ऐकलं, एक म्हातारा दुसऱ्याला सांगतोय, "चंची थँक्यू हाय बे! तुही काढ." दोस्तानं तंबाखू द्यायच्या आधीच आभार! एवढं तर मोठ्या बाईंनाही सुचलं नसतं!

आणि एका संध्याकाळी एक शेतकरी कपाळावर हात धरून वर बघत म्हणाला, "औंदा रब्बीला आभाळ थँक्यूच दिसायलंय." माझ्या डोळ्यांत पाणी आलं हो! ज्या आकाशानं याला पाऊस दिला नाही, त्या आकाशाबद्दलही याच्या मनात कृतज्ञता! मी तिथंच थांबून त्याला म्हटलं, "वा, दादा! असंच मन ठेवा!"

त्यानं माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी त्याचं पीक कापून नेलंय.

शेवटी बोळात रखमामावशीला गाठलं. ती घाईनं म्हणाली, "वाट सोड बाई, काळी शेळी थँक्यू झालीय, करडं वरडायलीत."

"फारच छान!" मी म्हटलं.

"छान?" मावशीनं पदर खोचला. "छान म्हनती! घ्या, ऐका!" आणि शेळ्या हाकत अशी गेली, की एका शेळीनंसुद्धा माझ्याकडे बघितलं नाही.

दिवेलागणीला आई परत आली. गाडीतून उतरली ती गाडीवानाकडे वळून बघतच. आत आली, पाय धुतले आणि म्हणाली, "कमळे, हे थँक्यू कोण आलंय गं गावात?"

"कोण नाही आई, शब्द आहे. मीच शिकवला!" मी छाती फुगवून म्हटलं.

"गाडीवान सांगत होता, पाटलांच्या म्हशीला थँक्यू लागलं. तिथून बसलंय म्हणे गावाला. ज्याच्या त्याच्या घरात काही ना काही थँक्यू व्हायलंय. रॉकेल संपलं की थँक्यू, कणगी रिती झाली की थँक्यू. मला वाटलं, पटकीसारखी काही साथ आहे."

मी उभी होते ती बसले. बुधली. चंची. आभाळ. काळी शेळी! एकेक आठवत गेलं आणि प्रत्येकाला मी काय म्हटलं होतं, तेही आठवत गेलं. 'छान.' 'वा, दादा!'

आई फळीकडे बघत होती. "सोनाबाईची म्हैस व्याली म्हणे. चीक आला असेल."

"आला होता."

"चरवी?"

"परत केली. नीट."

"नीट म्हणजे?"

"घासून, धुऊन..."

"चिकाची चरवी धुतलीस?" आईचा आवाज असा मी कधी ऐकला नव्हता. "धुतलीस! आणि आत काय घातलंस?"

"थँक्यू," मी म्हटलं.

आई कपाळ धरून चुलीपाशी बसली. मग तिनं सांगितलं. चिकाचं भांडं धुवायचं नसतं. आहे तसं, चार दाणे आत टाकून द्यायचं, म्हणजे जनावराचं दूध वाढतं. धुऊन कोरडं करून दिलं, तर त्याचा अर्थ, आटो तुमची म्हैस! आणि नुसतं रिकामं भांडं? ते दोनच घरांतून जातं. ज्या घरात माणूस मेलंय तिथून, नाहीतर ज्या घराशी नातं मेलंय तिथून.

"म्हणून त्या विचारत होत्या," मी म्हटलं. "घरी सगळं बरं आहे ना."

"मग तू काय म्हणालीस?"

"मजेत."

आईनं तोंड फिरवलं. मग तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडते. जवळ जाऊन बघते तर पदर तोंडात कोंबून हसत होती! हसू ओसरल्यावर डोळे पुसले आणि म्हणाली, "राहू दे. उद्या मी जाते. सोनाबाईच्या पाया पडते. माझं ऐकेल ती."

मी 'बरं' म्हटलं. इतक्या झटकन म्हटलं, की म्हटल्यावर माझं मलाच कसंतरी झालं.

सकाळी उठले तेव्हा आई जायच्या तयारीनं नऊवारी लुगडं सारखं करत होती. गुडघे दुखतात तिचे. वाकताना 'आई गं' म्हणाली. बस. तेवढंच ऐकलं आणि ठरवलं. रक्त न पुसता बोलत राहायची तयारी करून आलेली मी, आणि पाया पडायला आईला पाठवतेय! घमेल्यात भिजलेली सरकी घेतली, वर गुळाची ढेप फोडून घातली आणि आईला म्हटलं, "तू बस. मी जाते."

वाड्यावर गेले, पण काकूंसमोर जायचा धीर होईना. गोठ्याकडे वळले. अन्याय तिच्यावर झाला होता ना, मग तिच्यापासूनच सुरुवात! चंद्रा रवंथ करत उभी होती. घमेलं तिच्यापुढं ठेवलं, पदर सावरला, हात जोडले. आणि खरं सांगते, त्या क्षणी मला मराठीत एक शब्द सुचेना. मोठ्या बाईंनी शिकवलेलाच तोंडात आला.

"चंद्रा," मी म्हटलं, "सॉरी."

"ए बये!" मागून आवाज आला. "आनखी एक विंग्रजी शबुद लावू नको माह्या म्हशीला! एकानंच गोठा कोरडा झालाय!"

सोनाकाकू! कमरेवर हात. मी वळले आणि वाकून पाया पडले, तेव्हा घमेल्यातली सरकी चंद्रानं फुरफुरून माझ्या पाठीवर उडवली. काकू खाली वाकून माझ्या लुगड्यावरची सरकी झटकायला लागल्या.

"म्हैस कवाच देऊ लागलीय दूध," त्या म्हणाल्या. "पहिलटकरीन हाय. दोन दिस बुजली, तिसऱ्या दिशी पान्हावली."

"मग... मग कडबा कावून काढला नाहीत, काकू?"

"तू येतीस का तुह्या आयला पाठवतीस, ते बघायलते."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं म्हणतात ना? गोठ्याची जमीन ओली होती, तरी दुभंगली नाही.

"कडबा तूच काढायचा," काकू म्हणाल्या. "मी हात लावनार न्हाई."

काढला. पेंढी पेंढी करून, मागच्या परसात नेऊन रचला. केशर मदतीला आली. कडब्याची कुसळं टोचत होती आणि ती बोलत होती, "मी सांगायलते ना, ताई. आय म्हनली, पुन्याची हाय, तिला ठाव नसंल, चरवी धुवू नको म्हनून सांग. पर तुमी थँक्यूच म्हनायलाव! मला वाटलं, शाळंत मधी बोलायचं नसतंय."

मी पुढची पेंढी उचलली.

ढाळज रिकामी झाली, झाडून झाली. केशर पाटी घेऊन समोर बसली. उंबऱ्यापाशी आणखी दोघी-तिघी पोरी येऊन उभ्या राहिल्या, आत यावं की नको अशा. केशरनं पाटीच्या दोन्ही बाजू उलटून बघितल्या आणि अगदी शहाण्या विद्यार्थिनीसारखी म्हणाली,

"ताई, पाटी थँक्यू हाय. काय लिवू?"

उंबऱ्यातल्या पोरी माझ्याकडे बघत होत्या. चूक दुरुस्त करायला तोंड उघडलं आणि मिटलं. कुणी शिकवलं होतं तिला? आणि मी त्याच वेळी ठरवलं, की या ढाळजेतून कुठल्याही पोरीची पाटी रिकामी घरी जाणार नाही. रोज एक तरी अक्षर तिच्यात टाकूनच परत द्यायची, आईनं कांदा टाकावा तसं. पुस्तकात पहिला धडा कुठला होता, ते पुस्तकात राहू दे. मी पेन्सिल घेतली आणि ठसठशीत अक्षर काढलं.

"म. म म्हशीचा."

"म म्हशीचा," केशरनं गिरवलं. मग मान वर करून म्हणाली, "ताई, म मास्तरनीचा बी असतोय का?"

"असतो की."

"मंग मास्तरनीच्या आदी म्हैस कावून?"

आतून सोनाकाकूंची बांगडी वाजली. कान इकडेच होते त्यांचे.

"कारण गं," मी म्हटलं, "तिला तिसऱ्याच दिवशी समज आली. मास्तरणीला उशिरा."